फ्यूज कोणाच्या खिशात

त्रेचाळिसाव्या वर्षी पुन्हा कॉलेजात जायचं, तर सगळ्यात अवघड काय? लोकांना वाटतं, गणित. आपल्या वायरमनला विचारलं असतं, तर त्याने उभ्या उभ्याच उत्तर दिलं असतं: बसणं.

चोवीस वर्षं हा माणूस शिडीवर, गच्चीच्या कठड्यावर, नाहीतर पॅनेलच्या मागे उकिडवा होऊन जगलेला. त्याला एकदम बाकावर बसवलं आणि समोर फळा ठेवला, तर दुसरं काय होणार? पाय हलायचा. पायाबरोबर बाक हलायचं आणि बाकाबरोबर शेजारच्या मुलीचं अक्षर. ही मुलगी जेमतेम विशीची. तिच्या टिपणांवर निम्मा वर्ग पास व्हायचा, म्हणून तिला सगळे 'वही'च म्हणायचे. "काका, पाय," ती मान वर न करता म्हणायची. काका पाय आवरायचे, की मग बोटं वाजायला लागायची. बोटं आवरली की पेन. एकदा तर पाठ फिरवून लिहिणाऱ्या सरांनी खडू ठेवून विचारलं, "वर्गात कुठे उंदीर आहे का?" वर्गातला एकूण एक जण काकांकडे बघून हसला.

तरी तीन वर्षं त्याने काढली. हौस म्हणून नाही. तो बिस्किटांच्या कारखान्यात पॅनेल रूम सांभाळायचा. बारा वर्षं सगळा कारखाना त्याच्या बोटांवर चालत होता, पण कागदावर तो साधा वायरमनच होता. मग वरून नियम आला की पॅनेल रूमच्या रजिस्टरवर डिप्लोमा असलेल्याचीच सही चालेल. मॅनेजरने बोलावून सांगितलं, "तीन वर्षं देतो. डिप्लोमा आणा, खुर्ची तुमची. नाही आणलात तर एखादा पदवीवाला येईल आणि तुम्ही स्टोअरमध्ये बसून नट-बोल्ट वाटाल." त्या खुर्चीवर तो उभ्या जन्मात दहा मिनिटंसुद्धा बसला नसेल. पण ती जाणार म्हटल्यावर त्याने त्याच दिवशी प्रवेशाचा अर्ज आणला.

लेखी सगळं सुटलं होतं. रखडत सुटलं, काठावर सुटलं, पण सुटलं. अडला होता तो प्रॅक्टिकलला! हसू नका. गेल्या वर्षी बिघाड त्याने तीन मिनिटांत शोधला, मोटर चालू करून दाखवली आणि निरीक्षणं लिहायची ती कोरीच ठेवून बाहेर आला. हात पुढे, कागद मागे, ही त्याची जन्माची खोड. पट्टीच्या पोहणाऱ्याने बादलीत बुडावं तशी गत झाली. आज दुसरी संधी होती आणि मॅनेजरने दिलेल्या मुदतीतली शेवटची.

त्या सकाळी घरात तो इतका फिरला, की बायको वैतागली. "अहो, बसा तरी! का आमच्या फरशीची परीक्षा आहे आज?"

"बसून काय करू?"

"चहा प्या. माणसं बसून पितात तो."

त्याने उभ्यानेच चहा घेतला आणि मोठ्या भावाच्या खोलीत डोकावला. दादा खाटेवर बसला होता. मांडीवर परीक्षेसाठी आणलेली नवी पँट, हातात सुई. दादाच्या उजव्या हाताला तीनच बोटं, त्यातही मनगटाला जोर नाही. कापड तो गुडघ्याखाली दाबून धरायचा, सुई डाव्या हाताने ओढायचा. घरात नवी पँट आली की तिच्या खिशाला आतून दुसरी शिवण घालायची, हा दादाचा वर्षानुवर्षांचा छंद. शिलाई मशीन घरात होतं. शिंपी कोपऱ्यावर होता. पण नाही, हे काम दादाचंच.

"भाऊजी, दुकानातून आणलीय ती, रस्त्यावर सापडलेली नाही," बायको दारातून म्हणाली.

"दुकानातले खिसे रुमालासाठी असतात," दादा म्हणाला. दाताने दोरा तोडला आणि पँट पुढे केली. "घे छोट्या. आणि लिहून ये या वेळी. तोंड उघडून ये."

छोट्याने मान हलवली. दादाच्या हाताकडे बघायचं त्याने टाळलं. सत्तावीस वर्षं तो तेच टाळत होता.

आता ती गोष्ट सांगायलाच हवी. हा एकोणीस वर्षांचा होता, कॉलेजच्या पहिल्या वर्षाला. फी दादाच्या पकडीतून यायची. दादा एका घरात वरच्या मजल्यावर नवीन वायरिंग करत होता आणि हा कॉलेजमधून परस्पर त्याचा डबा द्यायला गेला. खालच्या मजल्यावरची मंडळी उकाड्याने हैराण झालेली. "पंखा बंद आहे सकाळपासून, बघतोस का रे?" याने मीटरपाशी बघितलं. शेजारच्या फळीवर फ्यूज काढून ठेवलेला. याला वाटलं, दादा लावायचा विसरला. त्याने तो उचलला आणि खटकन बसवला. पंखे फिरले. कोणीतरी टाळीसुद्धा वाजवली. आणि वरून काहीतरी पडल्याचा आवाज आला.

लोक धावले तेव्हा हा जिन्यात उभा राहून सगळ्यांना एकच सांगत होता, "मी मदतच केली. मी मदतच केली ना." दादा वाचला, दोन बोटं गेली. पुढच्या सोमवारी याने कॉलेज सोडलं आणि दादाची पकड उचलली. कोणी त्याला एका शब्दाने दोष दिला नाही. घरात तो विषयच कधी निघाला नाही, आणि ते तर आणखी वाईट होतं. तेव्हापासून त्याने स्वतःला एक नियम घालून घेतला. कामाला हात लावण्याआधी फ्यूज काढायचा आणि स्वतःच्या खिशात टाकायचा. फळीवर नाही, टेबलावर नाही, दुसऱ्याच्या हातात तर नाहीच. हा नियम त्याच्या इतका अंगवळणी पडला होता, की हात फ्यूज काढतोय हे डोक्याला कळायचंसुद्धा नाही.

आणि आज घोळ झाला तो नेमका इथेच.

सकाळच्या बॅचला सहा जण, सहा टेबलं. प्रत्येक टेबलावर मोटर, स्टार्टर आणि भिंतीवर त्या टेबलाचा स्वतंत्र स्विच आणि चिनी मातीचा फ्यूज. याला चार नंबर मिळाला. फ्यूज काढला, खिशात. बिघाड शोधला, फ्यूज परत लावला, मोटर फिरवली. मग त्याने जन्मात केली नव्हती अशी गोष्ट केली: बसला आणि लिहिलं. आकडे, तक्ता, आकृती, सगळं. घामाने पान ओलं झालं, पण रकाना एक सोडला नाही. शेवटी जोडलेल्या तारा सोडवून टेबल होतं तसं करायचं, म्हणून पुन्हा फ्यूज काढला, पुन्हा खिशात. तारा सोडवतोय तोच पुकारा झाला, "चार नंबर, तोंडी परीक्षेला या."

परीक्षक बाई बाहेरच्या कॉलेजातून आलेल्या. पांढरे आखूड केस, समोर मार्कांची यादी, चेहऱ्यावर इस्त्री केल्यासारखी शांतता. पहिल्या दोन प्रश्नांना त्याने अडखळत का होईना, उत्तरं दिली. मग त्यांनी विचारलं, "मशीन बिघडलंय, तुम्हाला दुरुस्तीला बोलावलंय. हात लावण्याआधी सगळ्यात पहिली गोष्ट काय कराल?"

यापेक्षा सोपा प्रश्न त्या खोलीत कोणी कोणाला विचारला नसेल. पुस्तकात याचं पाच ओळींचं उत्तर होतं आणि वहीने ते त्याच्याकडून घोकून घेतलं होतं. त्याने तोंड उघडलं. आणि डोळ्यांसमोर मीटरशेजारची ती फळी आली. उन्हाची तिरीप, फळीवरची धूळ, त्यात तो पांढरा फ्यूज. त्याची दातखीळ बसली. उजवा हात खिशात जाऊन काहीतरी टणक घट्ट धरून बसला होता, पण काय धरलंय याचंही त्याला भान नव्हतं.

बाईंनी घड्याळ बघितलं. "ठीक आहे. या तुम्ही."

तो बाहेर पडला तो थेट रस्त्याला लागला. दुपारच्या बॅचची मुलं व्हरांड्यात उभी होती. वहीने विचारलं, "काका, कसा गेला?" त्याने नुसता हात हलवला. बस आली, बसायला जागा होती, तो उभाच राहिला. तोंडाला कुलूप लागतं म्हणजे काय! आणि लागायचं ते याच प्रश्नाला? बुडत्याचा पाय खोलात, दुसरं काय. स्टोअरमधला नट-बोल्टचा कप्पा आतापासूनच त्याच्या डोळ्यांसमोर नाचायला लागला.

कारखान्याच्या फाटकावर एक वाजून दहा मिनिटांनी त्याने ओळखपत्र काढायला खिशात हात घातला आणि हातात फ्यूज आला.

क्षणभर त्याला काही कळेना. मग सगळं कळलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, इथे तर उत्तरच खिशात घालून हा मुका उभा राहिला होता. त्याला हसूही आलं आणि रडूही. फाटकावरचा पहारेकरी म्हणाला, "काय झालं? तब्येत बरी आहे ना?"

"कॉलेजचा फ्यूज घेऊन आलो."

"मग उद्या द्या की. फ्यूज काय अंडी घालणार आहे रात्रीत?"

खरंच, उद्या देता आला असता. गुपचूप, कोणालाही न कळता. आणि तेच शहाणपणाचं होतं, कारण प्रयोगशाळेच्या दारावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं: साहित्य बाहेर नेणाऱ्याची परीक्षा रद्द. तोंडीत नापास होणं वेगळं आणि परीक्षाच रद्द होणं वेगळं. निरीक्षणं तर पूर्ण लिहिली होती. कोण जाणे, त्यावर तरायचाही. पण दीड वाजता दुपारची बॅच होती. चार नंबरच्या टेबलावर कोणीतरी बसणार होतं. आणि तिथे 'भागतंय' होता.

भागतंय म्हणजे प्रयोगशाळेतला मदतनीस. मनाने सोन्यासारखा माणूस, पण कोणतीही वस्तू मोडली, हरवली, संपली, की त्याचं एकच पालुपद: "राहू द्या हो, भागतंय." खुर्चीला सुतळी, नळाला चिंधी आणि फ्यूजच्या जागी? फ्यूजच्या जागी तांब्याची जाड तार. याने स्वतःच्या डोळ्यांनी दोनदा बघितलं होतं आणि दोनदा भांडलाही होता.

त्याने कॉलेजात फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. वहीला लावला. तिचा फोन बाहेर दप्तरात असणार. समोर बस वळत होती. "मॅनेजर साहेबांना सांगा, उशीर होईल," तो पहारेकऱ्याला ओरडून म्हणाला.

"दोनच्या आत या म्हणालेत ते!"

"सांगा, पाय सापडला नाही म्हणून!" असलं काहीतरीच बरळून तो धावत्या बसला लटकला. या वयात हे शोभत नाही हे त्याला कंडक्टरने सांगितलं, ते त्याने ऐकूनही घेतलं. बसभर तो दारापासून मागच्या सीटपर्यंत येरझाऱ्या घालत होता. जणू चालल्याने बस लवकर पोचणार होती. जीव नुसता टांगणीला लागला होता. नापास होण्याची भीती कुठल्या कुठे गेली होती. आता त्याला एकच गोष्ट दिसत होती: टेबलावर वाकलेले दोन हात, कोणाचे तरी.

ते वहीचे होते.

प्रयोगशाळेच्या दारात तो पोचला, तेव्हा ती चार नंबरवर वाकून मोटरच्या टर्मिनलचे नट आवळत होती. दोन्ही हात आत. तिला त्यानेच शिकवलं होतं, आधी फ्यूज काढ, खिशात टाक. तिने भिंतीकडे बघितलं असणार. पण काढायला फ्यूजच नव्हता. तिथे तांब्याची चकचकीत तार वळवून बसवलेली होती आणि ती नुसत्या स्विचवर विसंबली होती. तिकडून भागतंय एकेका टेबलाचा स्विच चालू करत येत होता. पोरांचा वेळ वाचावा म्हणून. एक झाला, दोन झाला, तिसऱ्याची मोटर घरघरली.

"थांबा!" हा एवढ्या जोरात ओरडला, की व्हरांड्यातली कबुतरं उडाली. पण भागतंयचा हात चार नंबरच्या स्विचवर पोचलाच होता. आणि ओरडणं ऐकून थांबणाऱ्यांपैकी तो नव्हता. तो आधी काम संपवून मग वळून बघणारा होता. मेन स्विच दाराशीच होता. याने दांडा खाली ओढला. तिन्ही मोटरी हुंकार देत थांबल्या, दिवे गेले. मग याने मेनचं झाकण उघडलं, आतले तिन्ही फ्यूज एकामागून एक काढले आणि खिशात टाकले. आधीचा एक, हे तीन. नवी पँट एका बाजूला झुकली, पण खिसा काही फाटला नाही.

परीक्षक बाई उठून आल्या. "कोण तुम्ही? परीक्षा चालू आहे!"

"सकाळचा चार नंबर."

"फ्यूज द्या आधी."

"नाही देणार." स्वतःचा आवाज त्याला ओळखू आला नाही. "चार नंबरची तार निघेपर्यंत नाही देणार. मग मला नापास करा, रद्द करा, काय हवं ते करा."

बाई चार नंबरपाशी गेल्या. तार बघितली. मग नट-पाना हातात धरून तशीच उभ्या असलेल्या वहीकडे बघितलं. मग भागतंयकडे.

भागतंयचा चेहरा पडला. "अहो मॅडम, फ्यूज गहाळ होता हो. म्हटलं, पोरीची परीक्षा अडायला नको." त्याने सगळ्यांकडे आळीपाळीने बघितलं. "मी मदतच केली ना."

हा त्याला चार शब्द सुनावणार होता. ते शब्द बसमध्ये तयारही केले होते. पण 'मी मदतच केली' हे ऐकलं आणि त्याचा सगळा राग पाण्यात पडलेल्या निखाऱ्यासारखा विझला. जिन्यात उभा असलेला एकोणीस वर्षांचा पोर हेच म्हणत होता. याच सुरात.

"गहाळ नव्हता," तो म्हणाला आणि खिशातून पहिला फ्यूज काढून तळहातावर धरला. "माझ्या खिशात होता. सकाळी मीच नेला. चूक माझी आहे, यांची नाही."

सगळ्यांनी दारावरची ती ठळक अक्षरं एकदा वाचली. बाईंनीही वाचली. मग त्या म्हणाल्या, "सकाळी एक प्रश्न विचारला होता. आठवतो?"

"आठवतो."

"पुन्हा विचारते. हात लावण्याआधी पहिली गोष्ट काय?"

पुस्तकातल्या पाच ओळी आता त्याला धडाधड आठवल्या. पण तोंडातून दुसरंच आलं. "फ्यूज काढायचा आणि स्वतःच्या खिशात ठेवायचा," तो म्हणाला. "जो काम करतोय त्याच्याच खिशात. कारण बाहेर कोणीतरी मदत करायला उभा असतो. वाईट माणूस नसतो तो. चांगलाच असतो. डबा घेऊन आलेला असतो. त्याला वाटतं, फ्यूज लावायचा राहिलाय. मी तसाच लावला होता. माझ्या भावाची दोन बोटं गेली."

सत्तावीस वर्षांत हे वाक्य त्याने पहिल्यांदा उच्चारलं, आणि तेही कुठे, तर सहा परीक्षार्थींसमोर, अंधाऱ्या खोलीत.

भागतंय भिंतीपाशी गेला आणि तार सोडवायला लागला. बाई टेबलाशी गेल्या, यादी उघडली. "नियमात साहित्य बाहेर नेण्याबद्दल लिहिलंय," त्या खिडकीच्या उजेडात पान धरून म्हणाल्या. "परत आणून देणाऱ्यासाठी रकाना नाही. आणि जो रकाना नाही, तो मी भरत नाही. तोंडीचा रकाना आहे. दुपारची बॅच संपल्याशिवाय मी त्यावर सही करत नाही, हाही नियमच आहे." त्यांनी काहीतरी लिहिलं. "सकाळी हे बोलायला काय झालं होतं?"

"बोलताच आलं नाही."

"हं. आता मेन लावा. मुलांचा वेळ जातोय."

त्याने तिन्ही फ्यूज जागेवर बसवले. चौथा वहीच्या हातात दिला. तिने तो भिंतीवरच्या खाचेत बसवून बघितला, पुन्हा काढला, अॅप्रनच्या खिशात टाकला आणि वाकून राहिलेला नट आवळायला घेतला. "काका, पाय," असं ती मान वर न करता म्हणाली, तेव्हा त्याच्या लक्षात आलं, की आपलाही पाय हलतोय.

कारखान्यात मॅनेजरने घड्याळ दाखवलं आणि पाच मिनिटं व्याख्यान दिलं, ते त्याने खाली मान घालून ऐकलं. संध्याकाळी उन्हं कलताना तो घरी आला. दादा दारातल्या पायरीवर बसून कोणाची तरी इस्त्री दुरुस्त करत होता.

"झालं?" दादाने विचारलं.

"पास होईन बहुतेक."

"लिहिलंस?"

"लिहिलं." तो पायरीसमोर उभा राहिला. एका पायावरून दुसऱ्या पायावर झाला. "तोंडीला विचारलं, हात लावण्याआधी काय करायचं. मी सांगितलं, फ्यूज खिशात ठेवायचा. का ते विचारलं नव्हतं. तेही सांगितलं. त्या दिवशीचं. सगळ्यांसमोर."

दादाचा हात थांबला. आतल्या खोलीत भांड्यांचा आवाज येत होता, तोही थांबला.

"अर्धंच सांगितलंस," दादा म्हणाला.

"म्हणजे?"

"फळीवर फ्यूज ठेवला कोणी?"

सत्तावीस वर्षं त्या फळीवरचा फ्यूज त्याने हजारदा बघितला होता. तो तिथे आला कसा, हे त्याच्या मनात कधी आलं नव्हतं.

"मलाही उस्तादाने हेच शिकवलं होतं," दादा म्हणाला. "खिशात ठेव. रोज ठेवायचो. त्या दिवशी खिसा फाटका होता. सकाळी लक्षात आलं होतं, दोन टाक्यांचं काम होतं. म्हटलं, संध्याकाळी बघू."

"आणि तू सत्तावीस वर्षं सांगितलं नाहीस?"

"पहिली दोन-तीन वर्षं रागच होता. खोटं कशाला बोलू? वाटायचं, असू दे तुझ्या डोक्यावर थोडं ओझं. मग राग गेला, तर सांगायची वेळ निघून गेली होती. आणि सांगणार तरी कधी? तू बसतोस कुठे! उभ्या माणसाला असलं काय सांगायचं?" दादाने इस्त्री बाजूला ठेवली. "म्हणून मग शिवत बसलो."

तो खाली बसला. पायरीवर, दादाला खेटून. तीन बोटांचा हात त्याच्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावर होता आणि तो त्या हाताकडे बघत होता. बायको दारात येऊन काहीतरी विचारणार होती, ती नवऱ्याला बसलेला बघून तशीच मागे फिरली.

"पँट काढून ठेव आत गेल्यावर," दादा म्हणाला. "फ्यूजच्या ओझ्याने शिवण उसवली असेल, तर टाका घालतो."

त्याने खिशात हात घातला. आतून बोट फिरवत फिरवत दोन्ही शिवणी तळापर्यंत चाचपून बघितल्या.

"नाही उसवली," तो म्हणाला.